लुंपिया : बोटाएवढे फिलिपिनो रोल, आणि 'सुका' म्हणजे काय ते उशिरा कळलेला मी

माडाखाली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पाककृती विभागात पहिल्यांदाच पाय टाकतोय, सांभाळून घ्या.

मी मालवाहू जहाजावर इंजिनिअर. सध्या रजेवर, मुक्काम मालवणजवळ घरी. आमच्या जहाजांवर निम्म्याहून जास्त माणसं फिलिपिनो असतात आणि कुकही बहुतेक वेळा तिकडचाच. रविवारी जिन्यात लसणीचा आणि तळणाचा वास आला की समजायचं, आज लुंपिया. (समुद्र खवळलेला असेल तर तळण बंद, मग तो रविवार उकडलेल्या चेहऱ्याने जातो.)

पहिल्या जहाजावरची गोष्ट. ताटात सात-आठ रोल पडले. कुक बाटली घेऊन उभा. "सर, सुका?" मला वाटलं, सुकं देऊ की रस्सा असं विचारतोय. म्हटलं, "येस येस, सुका." त्याने वाटीत भसाभस बाटली ओतली. सुका म्हणजे त्यांच्या भाषेत व्हिनेगर! त्यात ठेचलेली लसूण, मिरच्या, मिरी. पहिल्या घासाला नाकात झिणझिण्या, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी, तिसऱ्याला मी वाटी जवळ ओढली.

इथे देतोय तो प्रकार लुंपियांग शांघाय. नावात शांघाय असलं तरी पदार्थ फिलिपिन्सचा. 'लुंपिया' हा शब्द मात्र चिनी, फुजियानकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या होक्कियन बोलीतला. स्पॅनिश अमलात, १५९४ मध्ये, ख्रिस्ती झालेल्या चिनी लोकांसाठी मनिलात बिनोंदो ही वस्ती वसवली गेली. ती अजून आहे आणि लुंपियासाठी आजही लोक तिथे जातात.

सारण : अर्धा किलो पोर्क खिमा, चरबीसकट. खाटकाने चरबी काढून दिली तर परत मागून घ्या, नाहीतर रोल भुश्यासारखा कोरडा होतो. एक मध्यम गाजर आणि एक कांदा, दोन्ही अगदी बारीक. किसू नका, चिरा. पाच-सहा लसूण पाकळ्या, मूठभर कांद्याची पात, एक अंडं, एक मोठा चमचा सोया सॉस, एक चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड. पोर्क खात नसाल तर चिकनच्या तंगडीचा खिमा, त्यात थोडी कोळंबी बारीक करून. छातीच्या मांसाचा खिमा नको.

सगळं कच्चंच कालवायचं. परतायचं नाही! हीच गोष्ट आपल्या माणसांच्या पचनी पडत नाही. रोल बोटाएवढा बारीक असतो, चार-पाच मिनिटांत आतपर्यंत शिजतो. मीठ बरोबर आहे का ते बघायला चमचाभर सारण तव्यावर भाजून चाखा. कच्चं चाटू नका.

वळणं : साधारण २० सेंटीमीटरची स्प्रिंग रोलची शीट घ्या. सारणाची एका बोटाच्या जाडीची लांब वळकटी एका कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग कड त्यावर घेऊन, बोटांनी मागे दाबत, हवा न राहता घट्ट वळत जायचं. शेवटच्या कडेला मैद्याची खळ. लांब कांडी झाली की कात्रीने तीन तुकडे. टोकं उघडी राहतात, राहू द्या. सारण घट्ट असेल तर बाहेर येत नाही. एवढ्या सारणात १८-२० शीट लागतात, म्हणजे पन्नास-साठ तुकडे.

तळण : मध्यम आच, थर्मामीटर असेल तर १७० अंशांच्या आसपास. रंग फिका सोनेरी आला की काढा, बाहेर आल्यावर आणखी चढतो. कागदावर आडवे पसरू नका. चाळणीत किंवा पेल्यात उभे करा. तेल निथळतं आणि वाफेने पोट मऊ पडत नाही.

सॉसचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. माझ्या मते यात रोल निम्मा आणि सॉस निम्मा, त्यामुळे घाईत उरकायचं नाही.

---

पोळपाट_लाटणं

हे स्प्रिंग रोलच ना? लग्नात चाट काउंटरच्या शेजारी असतात ते? आणि आमच्यासारख्या गवतखाऊंनी काय करायचं?

---

माडाखाली

@पोळपाट_लाटणं, चुलत भाऊ म्हणा. लग्नातला जाडजूड, आत कोबी, नूडल्स आणि पोकळी. हा बारीक आणि आत ठासून भरलेला. शाकाहारीसाठी तिकडेच 'लुंपियांग गुलाय' (भाज्यांचा) आणि 'लुंपियांग तोगे' (मोडांचा) आहे. जाणकार लिहितीलच.

आता सॉस. तिकडे यांना 'सावसावान' म्हणतात. कुक फक्त सामान मांडतो, प्रत्येक जण आपापल्या वाटीत आपल्याला हवं तसं कालवतो. दुसऱ्याच्या वाटीला नावं ठेवायची नाहीत, असा अलिखित नियम आहे.

१. सुका : अर्धी वाटी व्हिनेगर, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या, छोटा लाल कांदा बारीक, दोन-तीन मिरच्या, जाडसर मिरी, मीठ, साखर चिमूटभर. किमान अर्धा तास मुरू द्या.

२. तोयोमान्सी : 'तोयो' म्हणजे सोया सॉस, 'मान्सी' म्हणजे कालामान्सी हे तिकडचं सुपारीएवढं लिंबू. ते आपल्याकडे सहसा मिळत नाही. कागदी लिंबाच्या रसात संत्र्याचा थोडा रस मिसळला की वास बराच जवळ जातो. दोन भाग सोया सॉस, एक भाग रस, एक मिरची.

३. आग्रे दुल्से : स्पॅनिश नाव, आंबटगोड. अर्धी वाटी पाणी, पाव वाटी व्हिनेगर, तितकीच किंवा जरा जास्त साखर, तीन चमचे केचप, मीठ, मिरची, एकत्र उकळा. कॉर्नफ्लॉर चमचाभर, पण ते गार पाण्यात कालवून मग ओता. मी एकदा थेट पातेल्यात टाकलं आणि साबुदाण्याची पेज झाली.

---

दावाओची_डॉक्टरीण

अय्या, लुंपियावर मराठीत धागा! मी फिलिपिन्समधल्या दावाओला एमबीबीएस करत होते, आता नांदेडला परत. आमच्या बॅचला भारतातली एवढी मुलं होती की मेसमध्ये वरण-भात मिळायचा, तरी मी दुपारी तीनला गेटबाहेर पळायचे.

तीन-चारची वेळ तिकडे 'मेरिएन्दा'ची, आपला चार वाजताचा चहा. त्या वेळी एक काकी टोपलीत केळीच्या पानावर तुरोन घेऊन बसायच्या. आपण त्यांना काकी म्हणू, तिकडे थोड्या मोठ्या बाईला 'आते' म्हणतात, म्हणजे ताई. पहिल्या आठवड्यात सगळ्या पोरी एका बाईला आते-आते करताना बघून मला वाटलं, किती भाच्या हिला!

तुरोन म्हणजे गोड लुंपिया. साबा जातीचं केळं उभं चिरायचं, ब्राऊन शुगरमध्ये लोळवायचं, सोबत पिकलेल्या फणसाची एक लांब चीर ठेवायची आणि शीटमध्ये गुंडाळायचं. खरी गंमत तेलात. त्या आते गरम तेलात मूठभर साखर टाकायच्या. ती विरघळून वर तरंगायला लागली की तुरोन त्यात फिरवायचे, साखर बाहेरून चिकटून काचेसारखी कडक होते. काढल्यावर एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, चिकटले तर सुटत नाहीत. हे पोरांना जवळ घेऊन करू नका, साखरेचा चटका वाईट.

@पोळपाट_लाटणं, तोगे म्हणजे मुगाचे मोड, पण आपल्या उसळीचे इवलुशा शेपटीचे नव्हेत. दोन-अडीच इंची पांढरे हवेत. भिजवलेले मूग चाळणीत, अंधारात, वर ओला कपडा आणि त्यावर वजन. दिवसातून तीन-चार वेळा पाणी घालून निथळवायचे. वजनामुळे मोड जाड होतात. चार-पाच दिवस लागतात. मग लसूण-कांद्यावर कोबी, गाजर, फरसबी, थोडा तोफू आणि शेवटी मोड, मोठ्या आचेवर दोनच मिनिटं. नंतर चाळणीत पूर्ण गार करून पाणी गळू द्यायचं. मांसाचा रोल कच्चा भरतात, भाजीचा शिजवून गार करून. याची अदलाबदल झाली की फजिती.

आणि हो, तिकडे भेटल्यावर "कुमाईन का ना?" विचारतात. म्हणजे "जेवलीस का?" परदेशात पहिल्या दिवशी कुणी हे विचारलं की रडू येतं हो.

---

गाडीवरचा_भाऊ

एवढी उठाठेव? आमच्या चौकात चायनीजच्या गाडीवर प्लेट साठ रुपयांत मिळते. शेजवान चटणी फुकट.

---

माडाखाली

@गाडीवरचा_भाऊ, मिळते की. मीही खातो. पण लुंपियाला शेजवान चटणी लावलीत तर माझा कुक रजा टाकून मालवणला येईल.

---

खार_आणि_खोबरं

पेडणे, गोवा. व्हिनेगरबद्दल राहवत नाही म्हणून लिहितेय.

बाजारात स्वस्तात मिळतं ते बाटलीवर नीट वाचा, 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं. घशात ओरखडतं. तेच असेल तर एक तृतीयांश पाणी घाला आणि साखर किंचित वाढवा. पण फिलिपिनो 'सुका' म्हणजे मुळात झाडाचं आणि उसाचं व्हिनेगर. तिकडे माडाच्या ताडीला 'तुबा' म्हणतात, ती आंबवून सुका होतो. पाण्याकाठच्या निपा पामचा वेगळा, उत्तरेकडे इलोकोसला उसाचा काळपट. आमच्याकडे माडाची सूर आंबवून जे व्हिनेगर करतात, सोरपोतेल आणि विंदालूत पडतं ते, ते आणि तुब्याचा सुका सख्खी भावंडं. गोव्यातून येताना काजूबरोबर एक बाटली आणा.

फिलिपिन्समधल्याच इलोइलोला 'सिनामाक' करतात. बाटलीत अख्ख्या लाल मिरच्या, लसूण, आलं, कुलिंजन, मिरी, वरून व्हिनेगर. आठवडाभर मुरल्यावर खरी चव येते. निम्मी बाटली संपली की वरून नवं व्हिनेगर ओतायचं. आमच्या आजीच्या खाराच्या मिरच्यांची बरणी अशीच कधी संपायची नाही.

---

रॉटरडॅमकर

इथे नेदरलँड्समध्ये आठवडी बाजारात 'लुम्पिया'ची गाडी असतेच. शब्द इंडोनेशियातून आला, गाडी बहुतेक व्हिएतनामी माणसाची, खाणारे डच. तिखट सॉस हवा का विचारतात. हो म्हटलं की आपलं तोंड बघून पुन्हा विचारतात.

प्रश्न : फ्रोझन शीट सोडवताना माझ्या निम्म्या फाटतात. घरी करता येतात का?

---

दावाओची_डॉक्टरीण

@रॉटरडॅमकर, पाकीट आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली ठेवा, ओट्यावर घाईने वितळवू नका. पाकीट फोडलं की सगळ्या शीट एकदम सोडवून पुन्हा चवड लावा आणि ओल्या, पिळलेल्या फडक्याखाली ठेवा. गळकं फडकं नको, खालच्या शीटची खीर होते.

घरी करायच्या तर एक वाटी मैदा, चमचाभर कॉर्नफ्लॉर, चिमूट मीठ, दीड वाटीच्या आसपास पाणी. गाळून अर्धा तास झाकून ठेवा. नॉनस्टिक तवा कोमट असतानाच ब्रशने पातळ हात फिरवा, भोकं दिसली तर लगेच दुसरा हात. मंद आच, कडा सुटल्या की काढा, उलटायचं नाही. प्रत्येकीवर कोरडा मैदा भुरभुरवा.

खरी पद्धत वेगळी. दुकानात बाई हातात चिकट, लोंबणारा गोळा घेऊन बसते. तापलेल्या सपाट लोखंडावर तो टेकवते आणि उचलते, मागे कागदासारखा पापुद्रा राहतो. गोळा सतत हातात झुलवत ठेवावा लागतो, थांबला की गळला. मी एकदा करून बघितलं. घरमालकीणबाईंनी माझ्या हातातून गोळा काढून घेतला, काही बोलल्या नाहीत.

---

पोळपाट_लाटणं

समोसा पट्टी चालेल? इथे कोपऱ्यावर ताजी मिळते.

---

खार_आणि_खोबरं

चालेल, जरा जाड लागते आणि अरुंद असते. आखूड रोल करा, आच किंचित कमी.

---

इतिहासाचा_चष्मा

केचपवरून आठवलं. फिलिपिन्समध्ये लुंपियाबरोबर जो लाल केचप येतो तो बहुधा टोमॅटोचा नसतो, केळ्याचा असतो! वरून लाल रंग.

त्यामागे मारिया ओरोसा. जन्म बातांगास प्रांतातल्या ताल गावचा. अमेरिकेत सिअॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात रसायनशास्त्र शिकल्या आणि परत येऊन देशी जिन्नस टिकवण्यामागे लागल्या. टोमॅटो बाहेरून आणावा लागे, केळी मात्र ढीगभर, म्हणून केळ्याचा केचप. सोयाबीनपासून 'सोयालॅक' नावाची पौष्टिक पूड केली, ती जपानी अमलात कैदेतल्या उपाशी लोकांपर्यंत चोरून पोचवली जायची. फेब्रुवारी १९४५ मध्ये, मनिलाच्या लढाईतल्या तोफमाऱ्यात त्या गेल्या. लोकांनी शहर सोडायला सांगितलं होतं, त्यांनी सोडलं नाही. मनिलात त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

एका बाटलीच्या मागे एवढी गोष्ट असते हे मला पन्नाशीत कळलं.

---

माडाखाली

@इतिहासाचा_चष्मा, दंडवत घ्या. इतकी वर्षं बाटली रिकामी केली, नाव माहीत नव्हतं.

काल केळ्याचा केचप घरी केला. चार पिकलेली राजेळी उकडून कुस्करली. (साबा केळं शिजवायचंच असतं, वेलची केळी वगैरे घेतली तर शिकरण होतं.) तेलावर कांदा, लसूण, आलं, मग केळी, अर्धी वाटी व्हिनेगर, तेवढंच पाणी, गूळ, मीठ, दोन लवंगा, तिखट. पंधरा मिनिटं ढवळत, मग मिक्सर. रंग विटकरी आला. बाजारचा लालभडक पाहिजे तर बीटचा तुकडा घाला. खाली फार लागतो, पातेलं सोडून फोनवर जाऊ नका. मी गेलो.

---

कळव्याची_सुगरण

आज केले. सांगते काय झालं ते. पहिल्या घाण्यात सहापैकी चार फुटले, कढईत नुसतं पिठलं. दुसऱ्या घाण्यात बाहेरून काळे, आत कच्चे. तेल तीनदा गाळलं. नवरा म्हणाला, "साधी भजी केली असतीस." काय चुकलं? चिकन खिमा होता, गाजर किसून घातलं, अंगठ्याएवढे वळले.

---

दावाओची_डॉक्टरीण

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीतच सगळं आहे. किसलेलं गाजर पाणी सोडतं, चिकन खिमा मुळात ओला असतो, ते पाणी वाफ होऊन रोल फोडतं. खिमा चाळणीत निथळा, गाजर चिरा, तरी ओलं वाटलं तर चमचाभर ब्रेडचा चुरा घाला. आणि अंगठ्याएवढा नको, करंगळीएवढा. जाड रोल आतून शिजेपर्यंत बाहेरून जळणारच. जो काळा-कच्चा झाला तो कुणी खाल्ला नाही ना? चिकन आहे, म्हणून विचारते.

---

कळव्याची_सुगरण

नाही नाही, टाकले. शनिवारी परत करते. जिद्दच आहे आता.

---

माडाखाली

सुगरणताई, आमच्या कुककडे ही सवय बघितलीय : पहिला एकटाच रोल तळायचा, मोडून बघायचा, मगच बाकीचे. आणि कढईत गर्दी नाही, आठ-दहाच्या वर नाही.

उरलेले कच्चेच फ्रीजरमध्ये ठेवता येतात. आधी ताटलीत सुटे गोठवायचे, मग पिशवीत. तळताना वितळू द्यायचे नाहीत, तसेच दगडासारखे तेलात, आच जरा कमी, दोन मिनिटं जास्त. तिकडे म्हणे नाताळच्या आधी घरोघरी असे शेकडो वळून ठेवतात. आणि त्यांचा नाताळ सप्टेंबरपासूनच सुरू होतो! १ तारखेलाच मेसरूममध्ये गाणी लागतात, डिसेंबरपर्यंत आम्हाला पाठ.

---

पोळपाट_लाटणं

भाज्यांचा केला. मोड पाचव्या दिवशी खरंच अडीच इंच! सासूबाई रोज येऊन वजन उचलून बघत होत्या. सिनामाकची बाटली भरून ठेवलीय, दोन दिवस झालेत, सुनेला धीर नाही.

एक शंका. तळायचे नसतील तर?

---

माडाखाली

'लुंपियांग सारिवा', म्हणजे ताजा लुंपिया. मऊ, धिरड्यासारख्या आवरणात भाजी, वरून गोडसर लसणीचा सॉस आणि शेंगदाण्याचा कूट. कूट म्हटल्यावर तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. नेग्रोस बेटावरचं सिलाय गाव यातल्या 'उबोद' प्रकारासाठी नावाजलेलं. उबोद म्हणजे माडाच्या शेंड्यातला कोवळा पांढरा गाभा.

हा गाभा मी लहानपणी खाल्लाय. वादळात घरामागचा माड पडला तेव्हा बाबांनी कोयत्याने शेंडा फोडून दिला होता. गोड, कुरकुरीत, ओल्या खोबऱ्याला काकडीची चव दिल्यासारखा. त्यासाठी अख्खा माड जातो, म्हणून आमच्याकडे मुद्दाम कुणी तोडत नाही.

---

कळव्याची_सुगरण

शनिवारचा अहवाल : ५२ तुकडे, एक फुटला. पोरांनी आग्रे दुल्से संपवला, नवऱ्याने सुका. भजीचं नाव काढलं नाही.

---

माडाखाली

वा! मीही आज घरी केले. आई ओट्याशी उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ह्यां काय रे, विडयो वळतंस?" तळल्यावर एक तोंडात टाकला, सुक्यात बुडवून दुसरा. काही न बोलता आत गेली आणि सोलकढीचा टोप घेऊन आली. सुक्याच्या वाटीशेजारी ठेवला.

सोमवारी मुंबईहून जहाजावर चढतोय. कुक नवा आहे, सेबूचा. सुका आणि सोलकढी, दोघांचं जमतं का ते त्याला विचारून सांगतो.